साडेपाचची ट्रायल

३ मार्च, मंगळवार

अकराशे चाळीस ग्रॅम. परवापेक्षा वीसनं कमी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, घाबरू नका." मी म्हटलं, मी घाबरत नाही. धडधडीत खोटं बोलले.

नात सातव्या महिन्यातच आली. आमच्या घरात सगळे वेळेवर येणारे, हिला एवढी घाई कसली झाली कोण जाणे. काचेच्या पेटीत ठेवलीय. पेटीची ऊब विजेवर, श्वासाचं यंत्र विजेवर. आणि आजपासून महिनाभर मंगळवार, गुरुवार, शनिवार — सकाळी दहा ते चार वीज बंद! मोठ्या लाइनचे खांब बदलताहेत. मोठं शहर चार तासांवर. इतक्या लहान बाळाला हलवणं जास्त धोक्याचं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

दवाखान्यामागच्या शेडमध्ये जुनं डिझेल इंजिन आहे. हिरवं, तीन सिलिंडरचं, माझ्या लग्नाच्याही आधीचं. वीज गेली की तेच जनरेटर फिरवतं. नवा सेट मागवलाय, तो २४ तारखेला येणार. तोवर हेच. आजचे सहा तास निभावले. पेटीची स्वतःची बॅटरी वीस मिनिटं टिकते. मी दोनदा विचारून घेतलं. वीसच.

आणि या इंजिनात हात घालू शकेल असा माणूस गावात एकच उरलाय. तो आत्ता माझ्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवतोय. बिस्कीट तुटून कपात पडलं, म्हणून कपावर चिडलाय.

देवा, हात स्थिर ठेव यांचे.

४ मार्च, बुधवार

लेकीला दवाखान्यात फोन केला. तिचा आवाज अगदी खोल विहिरीतून आल्यासारखा. फोन बदल म्हटलं. तिथली ती गोल चेहऱ्याची सिस्टरसुद्धा मास्क लावून तोंडातल्या तोंडात पुटपुटते. वर्गात असती तर बाकावर उभी केली असती.

दारावरची बेलही बिघडलीय. कुरिअरवाला म्हणाला, तीनदा वाजवली. यांना सांगितलं. यांनी टेस्टर लावून पाहिलं, म्हणाले, "करंट येतोय की."

त्यापुढचं लिहावं की नाही, अर्धा तास विचार करतेय. लिहिते.

यांची हत्यारांची पेटी पुसायला घेतली होती. त्यात लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं ऐकायचं. चाळीस वर्षं हे असंच करतात. लोक त्याला इंजिनाची नाडी बघणं म्हणतात. त्या मुठीवर खुणा दिसल्या. खोल, दातांच्या. आधी वाटलं, उंदीर. पण उंदराचे दात एवढे रुंद नसतात. आणि त्या रांगेत मधे एक जागा मोकळी होती. यांचा वरचा एक दात नाही. इंजिनाचं हँडल उलटं फिरून लागलं होतं, लेक तेव्हा चौथीत होती.

हे मूठ दातांत का धरतात?

विज्ञान शिकवलंय मी. कारण एकच असू शकतं. कवटीच्या हाडातून कंप आत पोचतो. कान गेला तरी.

परीक्षा घेतली. हे खाली वर्कशॉपमध्ये पाठमोरे बसले होते. मागून म्हटलं, "दूध उतू चाललंय." नाही वळले. मग म्हटलं, "मी घर सोडून चालले, कायमची." नाही वळले. पण हे वाक्य ऐकून न वळण्याची यांना पूर्वीपासून सवय आहे, तेव्हा तो पुरावा धरता येत नाही. मग डब्याचं झाकण वरून फरशीवर टाकलं. मान हलली नाही. पायाचा अंगठा तेवढा उचलला गेला. जमिनीतून कळलं असणार.

मग समोर जाऊन म्हटलं, "दूध उतू गेलं."

"मग गॅस बंद कर ना! मला काय सांगतेस?"

बोलताना माझ्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही. किती वर्षं असं बघताहेत?

मला कसं कळलं नाही? माझा आवाज वर्गाचा, खणखणीत. जेवायला हे नेहमी समोर बसतात. वर्कशॉपमध्ये तर सगळेच ओरडून बोलायचे. आणि नवरा ऐकत नाही, ही काही तक्रार म्हणून कुणी गंभीरपणे घेत नाही.

विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. मग डॉक्टरीणबाईंना सांगणं भाग पडलं असतं. आणि सांगून त्या बोलावणार कुणाला?

बहिरा माणूस नाडी बघतोय. आणि त्या नाडीवर माझी नात आहे.

५ मार्च, गुरुवार

हे पावणेदहालाच शेडमध्ये हजर. दहाला वीज गेली. दवाखान्याच्या वायरमननं बटण दाबलं, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. मी शेडच्या दाराशी, हातात वही.

ही वही माझी. प्रत्येक इंजिनाचं दुखणं त्यात लिहिते. कुठला आवाज, कुठल्या सिलिंडरला, काय बदललं. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हे काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून दुरुस्तीनंतरची ट्रायल संध्याकाळी साडेपाचला, मी शाळेतून आल्यावर. आठ वर्षं झाली निवृत्त होऊन, तरी साडेपाचच. गल्लीतले लोक थट्टा करायचे, "बाई आल्याशिवाय इंजिनाला उठायची परवानगी नाही."

यांनी मूठ कानाला लावली, डोळे मिटले, मान डोलावली. वायरमन समोर उभा राहून भक्तिभावानं बघत होता.

"काका, काय म्हणतंय?"

"म्हणतंय, वायरमन फार बोलतो."

वायरमन चहाला गेला. मी दाराआड झाले. तेवढ्यात मूठ कानावरून दातांत.

म्हणजे कानाला लावणं नुसतं दाखवायला! 

दुपारपर्यंत तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू खाली आला. चारला वीज आली तेव्हा तो लाल रेघेपासून बोटभर वर होता. हे म्हणाले, "मधल्या सिलिंडरचं बेअरिंग सैल झालंय. उद्या उघडतो."

"नक्की मधलंच?"

"चाळीस वर्षं काय झोपा काढल्या मी?"

मग मी गेले. यांना न सांगता, दुसरा माणूस शोधायला. हे लिहिताना लाज वाटतेय, पण गेले. वर्कशॉपच्या गल्लीत पूर्वी एकमेकांच्या तोंडाशी जाऊन ओरडावं लागायचं. आज माझ्या चपला वाजत होत्या. लेथवाल्याचा लेथ किलोवर भंगारात गेला, तिथं आता आरसे लावलेली व्यायामशाळा. डिझेलचे नोझल दुरुस्त करणारा आता मोबाइलची कव्हरं विकतो. माझाच विद्यार्थी, आठवीला ध्वनीच्या धड्यात नापास झालेला.

"बाई! बसा ना बाई."

"बसायला आले नाही. तीन सिलिंडरच्या जुन्या इंजिनाची बेअरिंगं कोण करतं आता?"

"करत नाही कुणी. काढायचं आणि नवं बसवायचं."

"नवं मिळत नसेल तर?"

"तर मशीनच नवं घ्यायचं."

"आणि ते यायला एकोणीस दिवस असतील तर?"

यावर तो हसला. "बाई, तुम्ही मला काय विचारता? घरीच तर आहेत काका. त्यांच्यासारखा कान अख्ख्या गावात नाही."

कव्हरांच्या भिंतीकडे बघत राहिले. लाल, निळी, चमकीची. शेवटी एक विकत घेतलं. का घेतलं माहीत नाही. माझ्या फोनला बसत नाही.

६ मार्च, शुक्रवार

वीज असण्याचा दिवस. सकाळी सहापासून इंजिन उघडं.

इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दहाला येऊन गेला. डॉक्टरीणबाईंनीच बोलावला होता. पांढरे बूट, पाठीवर लॅपटॉप. इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "याला केबल कुठं लावायची?" वायरमन म्हणाला, "साहेब, शेपूट शोधताय का?" साहेबांना राग आला. मग लॅपटॉपमध्ये नंबर घातला. हे मॉडेल सिस्टिममध्येच नाही म्हणे! गेला. बुटाला तेलाचा एक ठिपका घेऊन गेला, तेवढंच माझं समाधान.

हे दिवसभर जुनंच बेअरिंग घासत बसले होते. निळा रंग लावायचा, शाफ्टवर बसवून फिरवायचं, काढायचं, रंग जिथं पुसला गेला तिथं पत्त्याच्या पानाएवढ्या हत्यारानं केसभर खरवडायचं. पुन्हा रंग. पुन्हा बसव. बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. एक पट्टी कमी केली की पकड घट्ट होते, एक जास्त राहिली की सैल. किती ठेवायच्या ते कुठल्या पुस्तकात नाही. चालवून आवाजावर ठरवायचं.

आवाजावर!

साडेपाचला ट्रायल. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. वरच्या खिडकीत लेक उभी, आठ दिवसांची बाळंतीण, केस विस्कटलेले. सगळे यांच्याकडे बघत होते आणि मी सगळ्यांकडे. माझा चेहरा वाचून कुणाला कळलं तर? मग मी चेहरा शाळा-तपासणीला करायची तसा केला. दगड. इंजिन लागलं. नेहमीच्या ठेक्याखाली कुठंतरी मला एक धप् ऐकू आल्यासारखं झालं. बोथट. उशीवर बुक्की मारावी तसं. पण दोन दिवस मला सगळीकडे धपधपच ऐकू येतेय, माझ्या छातीतलीच. हात थरथरत होते, ते दिसू नयेत म्हणून पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून पोटाशी धरली.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "झालं. ठीक आहे."

वहीत लिहिलं : ट्रायल पास. हे चार शब्दसुद्धा नाहीत, दोनच. तरी तीनदा गिरवले.

७ मार्च, शनिवार

अर्धी रात्र झालीय. तरी लिहून ठेवायचंच.

दहाला इंजिन लागलं. दहा चाळीसला मी वरच्या मजल्यावर, पेटीपासून चार पावलांवर. दिवे पिवळे झाले, पुन्हा उजळले, गेले. शेडमधला ठेका थांबला. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

दाबाचा काटा लाल रेघेखाली गेला म्हणून वायरमननं इंजिन बंद केलं. बरोबरच केलं त्यानं. आणखी दोन मिनिटं चालतं तर शाफ्टच गेला असता.

पेटीवर लाल दिवा लागला. वीस मिनिटं. सिस्टर घड्याळ काढून बसली. सतराव्या मिनिटाला डॉक्टरीणबाईंनी नळीला रबरी फुगा लावला आणि हातानं दाबायला सुरुवात केली. लेकीला म्हणाल्या, "झगा सोड, छातीवर घे. तूच आता पेटी." लेकीनं तिला उघड्या छातीवर धरलं, वरून आम्ही पांघरुणं घातली. एवढंसं डोकं. टोपी माझ्या मुठीएवढी. बाळ निळसर दिसत होतं की तो खिडकीचा उजेड होता, मला अजून कळत नाही. मी पाढे म्हणत होते. मनात. एकोणतीसचा.

मग वायरमनला सुचलं. रुग्णवाहिका खिडकीखाली आणली, तिच्या इन्व्हर्टरवरून वायर वर टाकली. पेटी आणि यंत्र, दोन्ही चाललं. साडेतीनला तो इन्व्हर्टरही जळाला, पण अर्ध्या तासात वीज आली.

म्हणजे मंगळवारी रुग्णवाहिकाही नाही.

नात आहे. अकराशे तीस.

हे शेडमध्ये उलट्या बादलीवर बसले होते. मी गेले तर वर पाहिलं नाही. चार वाजून गेल्यावरही तिथंच.

८ मार्च, रविवार

आज सगळं बोलणं झालं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी इंजिन पुन्हा उघडलं. मधलं बेअरिंग चरे पडून काळं. शाफ्ट वाचला होता. हे पॉलिश करायला बसले, मी दिवा धरून. बऱ्याच वेळानं खाली मान घालूनच म्हणाले,

"परवा ट्रायलला तुझ्या कपाळावर आठी नव्हती."

मी समोर जाऊन खाली बसले, ओठ दिसतील अशी. "म्हणजे काय?"

"असती तर मी ते पुन्हा उघडलं असतं."

मला काही समजेना. मग मात्र यांनी सगळं सांगितलं. उजवा कान मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी गेला. डावा नंतर, हळूहळू. दातांतून ठोका कळतो, कुठल्या सिलिंडरचा तेही कळतं. पण दुरुस्तीनंतर आवाज स्वच्छ झाला का, ते दातांना कळत नाही. "मग तुझ्याकडे बघायला लागलो. आवाज खटकला की तुझ्या डाव्या भुवईवर आठी पडते. जास्त खटकला की दोन. आणि सगळं ठीक असलं की तू पेनाला टोपण लावतेस."

पेनाला टोपण.

"वही लिहायला यायचे मी."

"वही काय, कुणीही लिहिलं असतं." मग जरा ओशाळून, "म्हणजे, तसं नसतं जमलं कुणाला, अक्षर चांगलंय तुझं."

मी कडाडले. बायकोला सांगता आलं नाही? इतकी वर्षं? आणि नातीचा जीव टांगणीला लागलेला असताना सुद्धा?

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कानाला मशीन लावून मला गल्लीत फिरवलं असतंस. बहिऱ्याकडे इंजिन कोण आणणार?"

"आता तरी कोण आणतंय?"

 शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता.

मग मीही सांगून टाकलं. की बुधवारीच कळलं होतं. की डॉक्टरीणबाईंना कळू नये म्हणून चेहरा दगडाचा केला. टोपण लावलं ते हात थरथरत होते म्हणून. आणि धप् ऐकलं होतं मी. ऐकलं होतं! भीतीनं वाजतंय असं समजून सोडून दिलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. रागावतील वाटलं. म्हणाले, "मास्तरीणबाई, एवढी वर्षं चेहऱ्यावर राग लपवता आला नाही तुला. भीती कुठून लपवायला शिकलीस?"

दोघं म्हातारे बादलीवर आणि दगडावर बसून रडलो. मग हे म्हणाले, "चल. दिवा धर."

दुसरं जुनं बेअरिंग डब्यात होतं, तेलकट कागदात गुंडाळलेलं, वीसेक वर्षांचं. तेच घासून बसवलं. साडेपाचला ट्रायल. या वेळी मी चेहरा मोकळा सोडला, आणि तोंडानंही बोलले. पहिल्यांदा धप् होतं, दोन आठ्या. एक पट्टी काढली. दुसऱ्यांदा धप् गेलं पण सुरुवातीला जड घरघर. अर्ध्या जाडीची पट्टी पुन्हा घातली. तिसऱ्यांदा साफ. तरी मी दहा मिनिटं ऐकत राहिले. उजेड असेतो.

मग टोपण लावलं.

१० मार्च, मंगळवार

दहा ते चार. काटा जिथं होता तिथंच. मी सहाही तास शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते. वायरमन म्हणाला, "बाई, वर जाऊन बाळाला बघा तरी." म्हटलं, इथूनच बघतेय.

अकराशे साठ!

१२ मार्च, गुरुवार

चाललं. सहा तास. अकराशे नव्वद.

१४ मार्च, शनिवार

आजही चाललं. आता दहा दिवस, त्यात चारदा वीज जाणार.

डॉक्टरीणबाईंनी यांचा हात हातात घेतला. "तुमच्या कानांचे उपकार आहेत." यांनी ओठ वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — गप्प राहा.

लिहून टाकते, इथं कोण वाचणार. मला अभिमान वाटला. गावातला शेवटचा कान म्हणजे मी! कुणाला माहीत नाही तरी. दवाखान्यात डबा घेऊन गेले तेव्हा लेकीला म्हटलं, आठवीच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा मी उगीच नाही शिकवला. तिला काही कळलं नाही. "आई, तू हल्ली किती मोठ्यानं बोलतेस," म्हणाली.

बेल अजून तशीच. नवी आणायला हवी.

१६ मार्च, सोमवार

बाराशे साठ. लेक आंघोळीला गेली म्हणून मला पेटीपाशी बसवलं. मी बसले, नातीची बोटं मोजत. दहा. अचानक सिस्टर धावत आली, पेटीत हात घालून तळपायाची निघालेली वायर चिकटवली. मग मास्क खाली ओढून म्हणाली, "आजी, केव्हापासून वाजतंय यंत्र! मला कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू आलं. तुम्ही इथंच होता ना?"

इथंच होते. हातभर अंतरावर. काही वाजलं नाही.

बाळाला काही झालं नाही. नुसती वायर निघाली होती.

संध्याकाळी लेक कपडे न्यायला घरी आली, तिला बेल वाजवायला सांगितली आणि दाराच्या आत उभी राहिले. ती दार उघडून आत आली तेव्हा कळलं, वाजवून झाली होती.

बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. मीच शिकवायचे. इंजिनात धप् खालच्या पट्टीतलं. पण झडपेवरच्या सैल टॅपेटची टिकटिक असते, नोझलची शीळ असते. वही उघडून मागं मागं पाहत गेले. मी 'टिकटिक' हा शब्द शेवटचा लिहिलाय दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी. त्यानंतर एकाही इंजिनाला टिकटिक नाही. सगळी पास.

उद्या मंगळवार. यांना अजून सांगितलेलं नाही. दहाला शेडमध्ये इंजिन लागलं की हे माझ्या कपाळाकडे बघतील.